अनुभव धागा: घरखर्च नेमका कुठे गळतो आणि तुम्ही तो कसा बुजवता?

ओसरी
माळा आवरताना जुनी पत्र्याची कोठी निघाली. तळाशी कडुनिंबाच्या पाल्याचा भुगा तसाच होता. त्या वासाने उन्हाळ्यातली गच्ची आणि चादरींवर पसरलेले गहू आठवले, म्हणून हा धागा.

काटकसर म्हटलं की गाडी ‘कुठे स्वस्त मिळतं’ यावरच अडते. माझं मत असं की पैसा महाग घेण्यात जेवढा जातो त्याहून जास्त नासाडीत जातो. भुंगा लागलेली मटकी, आंबूस झालेलं पीठ, भांड्याबाहेर जळणारी आच, रात्रभर ठिबकणारा नळ. तेव्हा सवलतींच्या जाहिराती नकोत, मापं लिहा आणि काय बिघडतं तेही लिहा.

गव्हापासून सुरुवात करते. आधी किती लागतात ते मोजा. ३० ग्रॅम कणकेची एक पोळी धरली तर किलोत ३३ पोळ्या. चार माणसं, रोज १६ पोळ्या, म्हणजे दिवसाला साधारण अर्धा किलो, महिन्याला १५. हा हिशोब न करता क्विंटलच्या गोष्टी करू नयेत. नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये येतो. निवडून २-३ दिवस कडक ऊन द्या. दाताखाली दाणा कट्ट वाजला की झालं, दबला तर अजून ओल आहे. मग घरात आणून पसरा आणि हाताला गार लागेपर्यंत थांबा. इथेच बहुतेकांचं चुकतं. गरम धान्य भरलं की झाकणाला आतून घाम येतो आणि वरचा थर कुबट होतो. पाला सावलीत वाळवलेला हवा, ओला मुळीच नको. कोठी पाटावर ठेवा आणि बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. एका मोठ्या कोठीऐवजी १५-१५ किलोचे डबे काठोकाठ भरले तर एक उघडला तरी बाकीच्यांना हवा लागत नाही.

कढीपत्ता
वा, छान धागा! तांदळाला ऊन दाखवू नका हं, कण्या होतात. फार तर सावलीत पसरा.

दोन_वाट्या
डाळी-कडधान्यांना एरंडेल. किलोला एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली. तळहाताला लावून दाण्याला चोळायचं, वरून ओतायचं नाही. भुंगेरे अंडी दाण्याच्या सालीवर घालतात, तेलाचा थर बसला की अंड्याला हवा मिळत नाही. म्हणूनच अख्खे मूग, मटकी, चवळी, हरभरा लवकर किडतात आणि साल काढलेली डाळ त्यामानाने टिकते. एरंडेल खर्च करायचं असेल तर आधी अख्ख्या कडधान्याला लावा. शिजवण्यापूर्वी कोमट पाण्याने दोनदा धुवायचं.

सांडशी
बोरिक पावडर राहिली की. तांदळाला तीच लावतात.

दोन_वाट्या
@सांडशी, कृपा करून नको. ते विष आहे, धुताना पूर्ण निघालं की नाही हे कळायला मार्ग नाही. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत. आणि गोदामात वापरतात त्या सल्फासच्या गोळ्या घरात कधीच आणायच्या नाहीत. त्यातून फॉस्फीन वायू निघतो. बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने दगावतात. चार किलो तांदूळ वाचवायला एवढी जोखीम कशाला?

सांडशी
बरं झालं सांगितलंत. डबा रिकामा करते आजच.

फ्लॅटवाली
गच्ची नाही, ऊन नाही, अशांसाठी: १-२ किलो कडधान्य पिशवीत घट्ट बांधून ४-५ दिवस फ्रीझरमध्ये. अंडी-अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. पूर्ण साध्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दाण्यावर दव धरतं आणि बुरशी येते. रव्यालाही हेच, किंवा कोरडा भाजून ठेवा. पावसाळ्यात १५ दिवसांपुरतंच दळण.

चुलवण
गॅसवर लिहितो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवर लिहिलेलं असतं, त्यात १४.२ मिळवा आणि घेताना काट्यावर टांगून बघा. वजन करून मागायचा आपल्याला हक्क आहे. लावल्याची तारीख खडूने टाकीवरच लिहा. ४५ दिवस पुरली तर रोज साधारण ३१५ ग्रॅम जळला. हा आकडा दर टाकीला काढला की गडबड लगेच कळते.

आच निळी हवी. पिवळी-केशरी दिसली, भांड्याचं बूड काळं झालं, तर बर्नरची भोकं बुजलीत किंवा हवा नीट मिसळत नाही. बर्नर गार झाल्यावर काढा, गरम पाणी आणि सोड्यात अर्धा तास ठेवा, भोकं सुईने मोकळी करा आणि पूर्ण वाळवूनच बसवा. ओला बसवला की फटफटतो. आच भांड्याच्या कडेबाहेर आली तर तेवढी खोली तापवताय. छोटं पातेलं छोट्याच शेगडीवर.

कुकरची पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक. आत सुमारे १२० अंश झाले की तापमान त्याच्या वर जातच नाही, मोठी आच फक्त वाफ बाहेर फेकते. तूरडाळ अर्धा तास भिजवलेली असेल तर पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर ८-१० मिनिटं पुरे. बंद करून दाब आपोआप उतरू द्या, त्या दहा मिनिटांतही शिजत असतं. शिट्टी हाताने उचलून वाफ काढणं म्हणजे विकत घेतलेली उष्णता खिडकीबाहेर. झाकणाच्या कडेने वाफ येते का बघा, रिंग कडक झाली की बदला. रिंग स्वस्त पडते, गॅस नाही.

रबरी नळी ५ वर्षांनी बदलायचीच. त्यात काटकसर करू नका. गळती शोधायची तर साबणाचा फेस लावून, काडी ओढून कधीच नाही.

आजोळ
चुलवण, डाळ शिजतच नाही त्याचं काय? तास तास ठेवते.

चुलवण
तीन कारणं. डाळ जुनी असेल, पाणी जड असेल, किंवा चिंच-टोमॅटो-आमसूल आधीच घालत असाल. आंबट पडलं की दाणा मऊ होत नाही, ते शेवटी. बोअरचं पाणी असेल तर डाळीपुरतं पिण्याचं वापरा. सोडा घातला तर शिजते लवकर, पण ब जीवनसत्त्व जातं, म्हणून मी सुचवणार नाही.

आजोळ
टोमॅटो आधीच घालते! उद्या बघते. धन्यवाद काका.

परसदार
गोधडीची पेटी कुणी करतं का अजून? भात पाच मिनिटं चांगला उकळला, पाणी दाण्याच्या बरोबरीला आलं की झाकण लावून गॅस बंद. पातेलं जुन्या गोधडीत चारी बाजूंनी गुंडाळून खोक्यात ४० मिनिटं. मोकळा होतो, लागत नाही. झाकण मधे उघडलं की संपलं. पातेलं निम्म्याहून जास्त भरलेलं हवं, कमी भात असेल तर उष्णता टिकत नाही. राजमा यात करू नका. तो आधी रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, खळखळ उकळलाच पाहिजे, अर्धवट शिजलेला पोटाला बाधतो.

कढीपत्ता
गोधडी म्हटलं की आठवलं, सुती साड्या बोहारणीला देऊ नका हो. नऊवारी असेल तर एकीचीच दुपटी, पायपुसणी, पोळ्यांचे फडके सगळं निघतं. पॉलिस्टर तिला द्या, त्याने पाणी टिपलं जात नाही.

सांडशी
आमच्या भागात बोहारीण येतच नाही आता :( पातेलं हवं होतं मला.

मीटरवाला
विजेचं बिल. महावितरणचे घरगुती स्लॅब ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि त्यावर असे आहेत. गैरसमज असा की १०१ वा युनिट पडला की सगळ्यांना वरचा दर लागतो. तसं नसतं. पहिले १०० खालच्याच दराने, वरचे तेवढेच वरच्या दराने. पण म्हणूनच वाचवलेला प्रत्येक युनिट तुमच्या सर्वांत महाग दराचा असतो, आणि त्यावरचं १६ टक्के विद्युत शुल्कही वाचतं. दोन रीडिंगमधले दिवस मोजा. महिन्याहून जास्त असतील तर स्लॅबही त्या प्रमाणात वाढवून दिलाय का बघा.

मीटरवरचा लाल दिवा वापरा. मीटरवर ३२०० आणि पुढे युनिटची खूण असेल तर दिवा ३२०० वेळा लुकलुकला की १ युनिट. घरातलं सगळं बंद करून एकच वस्तू चालू करा, एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो मोजा, त्याला ६० ने गुणून ३२०० ने भागा. १६ वेळा लुकलुकला तर ०.३ किलोवॅट. सगळं बंद असूनही दिवा लुकलुकत राहिला तर कुठेतरी गळती आहे किंवा शेजारची एखादी लाइन तुमच्या मीटरवर आहे. वायरमनला बोलवा, स्वतः उघडू नका.

जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) ३० च्या आसपास. रोज १२ तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. बसवताना जुना रेग्युलेटर काढून लाइन थेट द्या, नाहीतर आतलं सर्किट जातं. सगळे पंखे एकदम बदलू नका, जो सर्वांत जास्त फिरतो तो आधी. १० वॅट खाणारा सेटटॉप बॉक्स २४ तास चालू राहिला तर महिन्याला ७ युनिट. नुसतं रिमोटने बंद केल्याने तो थांबत नाही, भिंतीवरचं बटण बंद करा.

फ्लॅटवाली
आणि गीझर?

मीटरवाला
१५ लिटरचा गीझर २५ अंशांवरून ६० ला न्यायला साधारण ०.६ युनिट, २ किलोवॅटचा असेल तर १८ मिनिटं. अंघोळीची एक बादली ४२ अंशांची करायला त्याच्या निम्मीच वीज लागते. म्हणून थर्मोस्टॅट ५० ला आणा, अंघोळी पाठोपाठ उरका आणि बंद करा. पाणी तापायला पूर्वीपेक्षा वेळ लागतोय म्हणजे कॉइलवर क्षार बसलेत. फ्रिजचं सांगतो: दारात कागद धरून बंद करा, सहज ओढला गेला तर रबर गेलंय. आधी रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसा, बऱ्याचदा नुसता चिकट मळ असतो. एसीला प्रत्येक अंशामागे सुमारे ६ टक्के फरक पडतो. २०२० पासूनचे एसी सुरू होताना २४ लाच येतात, ते तसंच ठेवा आणि पंखा सोबत लावा.

आजोळ
हे सगळं लिहून फ्रिजवर चिकटवणार आहे.

तोटी
ठिबकत्या नळासाठी प्लंबर बोलवायची गरज नसते. गच्चीवरचा कॉक बंद करा, नळ उघडा ठेवून पाइपातलं पाणी काढा, पान्याने वरचा भाग खोला. खालचा काळा वायसर झिजलेला किंवा खाचा पडलेला दिसेल. तो खिशात घालून दुकानात जा, अंदाजाने आणलेला बसत नाही. नवा बसवून नळ हलकाच आवळा, जोर लावून बंद करायच्या सवयीनेच वायसर फाटतो. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांना वायसर नसतो, त्यांचं आतलं स्पिंडल बदलावं लागतं. जोडावरून गळत असेल तर टेफ्लॉन टेप ८-१० वेढे, आट्या आवळण्याच्या दिशेने. उलटी गुंडाळली की आवळताना सुटून येते.

फ्लशच्या टाकीत नीळ घाला आणि अर्धा तास थांबा. न ओढता भांड्यात निळं पाणी आलं तर आतून गळतंय. पाणी टँकरने येणाऱ्या सोसायट्यांनी हे आधी करा, इथेच सर्वांत जास्त जातं.

परसदार
लिंबू-मोसंबीच्या सालींचं फरशी पुसायचं पाणी: १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली, १ लिटर पाणी. प्लास्टिकच्या दोन लिटरच्या बाटलीत, वर जागा ठेवून. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडायचा, काचेची बाटली फुटते. तीन महिन्यांनी गाळा. पांढरा पापुद्रा चालतो. काळी बुरशी आली तर थोडा गूळ घालून हलवा.

तोटी
शहाबादी, कोटा किंवा संगमरवर असेल तर हे वापरू नका! चुनखडीचे दगड आहेत, आंबट पाण्याने झळाळी जाते. कडप्प्याच्या ओट्यावरही नको. टाइल्सला चालेल.

परसदार
हे माहीत नव्हतं, छान केलंत.

कढीपत्ता
कांदा राहिला! वर्षाचा भरायचा तर उन्हाळी गावठीच, एप्रिल-मेचा. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा साठवायचा नसतोच, ओला असतो. मानेजवळ पूर्ण वाळलेला, जाड मानेचे बाजूला काढून आधी संपवायचे. पसरून, हवा लागेल असे, बटाट्यांपासून लांब. आठवड्याला एकदा हात फिरवा, एक सडका दहा घालवतो. दोडक्याच्या शिरा, दुधीची साल यांची चटणी सगळ्यांना येतेच, त्यावर लिहीत नाही.

दोन_वाट्या
कोथिंबिरीवर लिही ना गं. माझी दोन दिवसांत काळी पडते.

कढीपत्ता
धुऊ नकोस. मुळं आणि पिवळी पानं काढ, कागदात गुंडाळ, डब्यात ठेव, कागद ओला झाला की बदल. देठ फेकू नकोस, वाटणात घाल.

सांडशी
@ओसरी ताई, मालदांडी ज्वारीला पण असंच ऊन द्यायचं का? आणि ती तुमची कोठी गंजली नव्हती का इतक्या वर्षांनी?

ओसरी
ज्वारीलाही तसंच ऊन, पण एवढी नको भरूस. सहा महिन्यांच्या वर गेली की पिठाला चव राहत नाही, भाकरीला चिरा जातात. कोठी बुडाशी गंजली आहे. घासून, पुसून, दोन दिवस उन्हात ठेवणार आहे. गंज आतून आहे म्हणून दाणा थेट पत्र्याला लागू देणार नाही, आत धान्याची जाड पिशवी घालून मगच भरीन. बुडाला भोकं असतील तर डाग द्यायला कुणाकडे न्यावी, कल्हईवाले अजून कुठे बसतात का?