'डेप्रिकेटेड': कालबाह्य, बाद की आणखी काही?

धागाकर्ती:

वेब डेव्हलपर आणि डिझायनर मंडळींसाठी दर महिन्याला मी मराठीत एक टिपण करते. कुठल्या टूलची नवी आवृत्ती आली, ब्राउझरांत काय नवीन चालू झालं, काय बंद होणार, एवढंच. नुकती शिकायला लागलेली मुलं ते वाचतात. त्यात एक शब्द दर खेपेला येतो आणि दर खेपेला मी तिथे अडते: 'डेप्रिकेटेड'.

आजवर मी 'कालबाह्य' लिहीत आले. गेल्या महिन्यात त्याचा परिणाम समोर दिसला. 'कीकोड कालबाह्य झालं आहे' असं मी लिहिलं होतं. कीबोर्डवरची कुठली कळ दाबली ते आकड्यात सांगणारी ही जावास्क्रिप्टची जुनी सोय. एंटरचा आकडा १३. एका मुलानं ते वाचलं आणि चालत्या साइटच्या कोडमध्ये जिथे जिथे 'कीकोड' होतं तिथे 'की' करून टाकलं. समोरचा १३ मात्र तसाच राहिला. 'की' आकडा देत नाही, 'एंटर' असं कळीचं नाव देतं. तुलना जुळेचना. शोधाच्या चौकटीत शब्द लिहून एंटर दाबलं तरी पान ढिम्म, आणि कन्सोलमध्ये एररही नाही. आम्ही दोघं दीड तास शोधत बसलो. एवढी घाई का केलीस, असं विचारलं तर म्हणाला, "कालबाह्य म्हणजे बंद झालेलंच ना, ताई?" त्यानं बरोबर वाचलं होतं. शब्द माझा चुकला होता.

कारण कीकोड बंद झालेलं नाही. सगळ्या ब्राउझरांत ते आजही चालतं. इतकंच नाही, जपानी-चिनीसारख्या भाषा टाइप करताना अक्षर अजून जुळत असलं की कीकोड २२९ येतो, आणि सफारीत ती अवस्था नेमकी ओळखायला आजही या २२९चा आधार घ्यावा लागतो. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये पडद्यावरच्या कीबोर्डनं मराठी लिहिलं तरी बहुतेक कळांना हाच २२९ मिळतो. म्हणजे ही वस्तू हातात आहे, कामाचीही आहे. पण नवीन कोडमध्ये घेऊ नका आणि जुन्यातून सवडीनं सोडवा, असं सांगायचं आहे. हे सगळं एका शब्दात बसवणारं मराठीत काय आहे?

प्रतिसाद, निवृत्त ग्रंथपाल:

ताई, 'मोडीत काढलेलं' सुचेल कुणाला, म्हणून आधीच सांगतो की ते घेऊ नका. तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालतात तेव्हा ती वजनावर जातात, परत स्वयंपाकघरात येत नाहीत. आमच्याकडे पुस्तकांचं निर्लेखन होतं तेही तसंच. यादी होते, ठराव होतो, नोंदवहीत त्या क्रमांकापुढे शेरा पडतो आणि पुस्तक संग्रहातून जातं. तुमची वस्तू त्याच्या आधीच्या पायरीवर आहे. नवी आवृत्ती आली की जुनी प्रत आम्ही दर्शनी मांडणीतून काढून आतल्या कपाटात ठेवायचो. कुणी मागितली तर द्यायचो, आपणहून कुणाच्या हातात ठेवायचो नाही. त्या पायरीला आमच्याकडेही वेगळा शब्द नव्हता.

प्रतिसाद, डिझायनर, पुणे:

काका, अगदी हेच आम्ही फिग्मात, म्हणजे स्क्रीन डिझाइन करायच्या टूलमध्ये, करतो. बटणाचं नवं रूप ठरलं की जुन्या कंपोनंटच्या नावाआधी अंडरस्कोर लावतो. मग लायब्ररी, म्हणजे अशा तयार भागांचा संच, प्रकाशित करताना तो बाहेर जात नाही, नव्या फाइलमध्ये कुणाला सापडत नाही. पण ज्या फाइलींत तो आधीच ठेवलेला असतो तिथे तो तसाच राहतो, स्क्रीन मोडत नाही. आम्ही आपसात 'मागे घेतलेलं' म्हणतो. दोन हजारांच्या नोटेवरून आलं ते. २०१६च्या नोव्हेंबरात पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्या, म्हणजे रात्री बारानंतर व्यवहारात चालेनात. १९ मे २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेनं दोन हजारांची नोट चलनातून मागे घेत असल्याचं जाहीर केलं, पण ती वैध चलन राहील असंही त्याच वेळी सांगितलं. नवी मिळणार नाही, हातातली खोटी नाही. डेप्रिकेटेड याहून वेगळं काय आहे?

धागाकर्ती:

नोटेचा दाखला इतका चपखल आहे की मी तो मुलांना सांगणारच. आईवडिलांच्या हातात त्यांनी त्या नोटा पाहिल्या आहेत, 'बाद' आणि 'मागे घेतलेली' यातला फरक त्यांना समजावावा लागणार नाही. 'बाद' हा शब्द मी 'रिमूव्ह्ड'साठी राखून ठेवते.

पण 'मागे घेतलं' आमच्या कामात आधीच दुसऱ्या अर्थानं चालतं. एखादं अपडेट टाकलं, साइट बिघडली, की आम्ही ते अपडेट मागे घेतो. 'अमुक सोय मागे घेतली' असं वाचून मुलगा समजेल की कालच्या रिलीजमधून ती काढून टाकली. त्यानं पुन्हा तीच चूक होईल.

दोन अवस्थांना दोन शब्द हवेत, हा आग्रह माझ्या एकटीचा नाही. १९९७च्या एचटीएमएल ४मध्ये 'डेप्रिकेटेड' आणि 'ऑब्सोलीट' यांच्या वेगवेगळ्या व्याख्या आहेत. फॉन्ट आणि सेंटर हे टॅग पहिल्या गटात: त्यांची जागा घेणारी चांगली सोय आली आहे, तरी ब्राउझरांनी त्यांना आधार देत राहावं. दुसऱ्या गटात प्लेनटेक्स्टसारखे टॅग, ज्यांच्या आधाराची हमीच नाही. 'कालबाह्य' या दुसऱ्या गटाला शोभतो. (पुढे एचटीएमएल ५नं फॉन्ट आणि सरकत्या पट्टीचा मार्की या दोघांनाही ऑब्सोलीट ठरवलं आणि तरी ते ब्राउझरांत चालतात. त्यामुळे गोंधळ इंग्रजीतही आहे. पण इंग्रजीत गोंधळ आहे म्हणून आपणही ढिलं लिहावं, हे मला पटत नाही.)

व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये अशा नावावर आडवी रेघ दिसते. नाव वाचता येतं, चालतं, पण त्यावर काट मारलेली असते. मला ती रेघ बोलून दाखवणारा शब्द हवा आहे.

प्रतिसाद, संस्कृतच्या शिक्षिका:

यातलं तांत्रिक मला कळत नाही, पण व्याकरणाच्या बाजूनं सांगते. तुम्ही सगळे जे शब्द तपासताय ते काम उरकल्याचे शब्द आहेत: बाद झालेलं, काढलेलं, घेतलेलं. तुम्हाला हवा आहे 'करायला हवं' या अर्थाचा. संस्कृतात त्यासाठी य-कारान्त रूपं आहेत आणि ती मराठीत रोज वापरात आहेत. त्यक्त म्हणजे टाकलेलं, त्याज्य म्हणजे टाकण्याजोगं, अजून न टाकलेलं. वर्जित आणि वर्ज्य यांचंही तसंच. भूप रागात मध्यम-निषाद वर्ज्य असतात. पेटीवर त्या पट्ट्या असतात, वाजतात, पण भूप वाजवताना तुम्ही त्यांना हात लावत नाही. इंग्रजी शब्दाचं मूळही लॅटिनमध्ये 'टळो म्हणून प्रार्थना करणं' असं आहे. म्हणजे टाळण्याचा भाव तिथेही आहेच.

प्रतिसाद, डिझायनर, पुणे:

बाई, 'वर्ज्य' मला 'त्याज्य'पेक्षा जवळचा वाटतो. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य, हे घरात ऐकलेलं आहे. 'त्याज्य' म्हटलं की काहीतरी पाप असल्यासारखं वाटतं.

धागाकर्ती:

बाई, दोन दिवस मी या 'य' आणि 'त'चाच विचार करते आहे. इतकी वर्षं मी नेमकं इथेच चुकत होते आणि मला ते दिसत नव्हतं. मनापासून आभार.

वर्ज्य की त्याज्य? कानाला वर्ज्य गोड लागतो, हे खरं. पण चातुर्मास संपला की कांदा परत येतो, आणि भूपात वर्ज्य असलेला मध्यम यमनात तीव्र होऊन हजर असतो. वर्ज्य हे त्या-त्या प्रसंगापुरतं असतं. कीकोड परत येणार नाही. शिवाय त्याग हातात असलेल्या वस्तूचाच होतो, आणि आमच्या मुलांचं खरं काम हातातल्या जुन्या कोडशीच असतं. पापाचा वास लागतो तो 'त्याज्य' एकटा सोडला तर. म्हणून तो मी एकटा सोडणार नाही. काय, कधीपासून, त्याऐवजी काय आणि कधी बाद, हे चार तपशील त्याच्यासोबत दर वेळी देईन. पुढच्या टिपणातली एक नोंद तशी लिहून पाहिली (सास म्हणजे वेबपानाची सजावट, सीएसएस, सोप्या रीतीनं लिहायचं टूल):

"सास: 'इम्पोर्ट' नियम आवृत्ती १.८०.०पासून (ऑक्टोबर २०२४) त्याज्य. अजून चालतो, टर्मिनलमध्ये फक्त पिवळी सूचना येते. नव्या फाइलीत 'यूज' किंवा 'फॉरवर्ड' वापरा. जुन्या फाइली एकेक करून बदला, प्रत्येक बदलानंतर पान उघडून बघा. आवृत्ती ३.०.०मध्ये बाद होणार."

प्रतिसाद, निवृत्त ग्रंथपाल:

हे मला, संगणकातला नसताना, एका वाचनात कळलं. 'पान उघडून बघा' हे काढू नका.

धागाकर्ती:

नाही काढत, काका. आता उलट्या टोकाचा एक शब्द. २०२३पासून 'बेसलाइन' नावानं प्रत्येक सोयीला खूण मिळते: सगळ्या मुख्य ब्राउझरांत पोचली की 'न्यूली अव्हेलेबल', आणि त्यानंतर ३० महिने गेले की 'वाइडली अव्हेलेबल'. पहिल्याला 'नवी' पुरेसं आहे. दुसऱ्याला 'व्यापकपणे उपलब्ध' असं सगळीकडे लिहिलेलं दिसतं आणि ते वाचवत नाही. मी 'रुळलेली' लिहिणार आहे. नवी सून घरात रुळते, नवा शिपाई ऑफिसात रुळतो, तशी नवी सोय ब्राउझरांत रुळली. कुणाची हरकत असेल तर या आठवड्यात सांगा, टिपण सोमवारी जाणार आहे.