स्मरणरंजन, गतकातरता की हुरहूर? शाळा-कॉलेजातल्या कॅसेटींसाठी नेमका शब्द कुठला?

आमच्या बॅचचं गेट-टुगेदर आहे दिवाळीनंतर. त्या वयात आम्ही सगळे ज्या कॅसेट ऐकायचो त्यांच्यावर एक टिपण लिहायचं काम माझ्याकडे आलंय, आणि पहिल्याच वाक्यात अडकलेय. नॉस्टॅल्जियाला आपण सर्रास स्मरणरंजन म्हणतो, पुरवण्यांमधल्या लेखांतही तोच शब्द असतो, पण इथे तो मला कमी पडतोय.

स्मरण अधिक रंजन, म्हणजे आठवणींत मन रमवणं. मे महिन्यात आजोळी काय काय धमाल केली ते भावंडांबरोबर आठवत बसलं की रंजन होतं, तिथे शब्द चपखल आहे. पण 'गारवा' लागलं की जे होतं ते रंजन नाही हो. मिलिंद इंगळेंचं संगीत आणि आवाज, कविता सौमित्रच्या, आणि गाण्याआधी त्याच्याच आवाजातल्या त्या ओळी. आमच्या कट्ट्यावर मुलांना गाण्याआधी त्या ओळी पाठ झालेल्या आणि जो तो तस्साच आवाज काढून म्हणायचा, पाऊस असो वा नसो. आज ते कुठे कानावर आलं, रिक्षात वगैरे, तर आनंद होतोच पण त्यातलं निम्मं दुखतं. हे दुखणं स्मरणरंजनात कुठेच नाही.

आणि मूळ शब्दात ते आहे! नॉस्टॅल्जिया हा शब्द 1688 मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझलला आपल्या प्रबंधात घडवला, ग्रीक नोस्टोस म्हणजे घरी परतणं आणि अल्गोस म्हणजे वेदना. तेव्हा तो रोग समजला जायचा, घरापासून लांब राहिलेल्या माणसाला होणारा. पुढे रूसोने 1768 च्या आपल्या संगीतकोशात लिहिलंय की स्विस गुराख्यांची एक धून सैन्यात वाजवायला बंदी होती, कारण ती ऐकली की शिपाई रडायला लागायचे, पळून जायचे. म्हणजे गाणं आणि हे दुखणं यांचं नातं आपण समजतो त्यापेक्षा खूप जुनं आहे. मग मराठीत वेदना गाळून नुसतं रंजन का ठेवलं? दुसरा शब्द सुचवा ना कोणीतरी.

*

गतकातरता आहे की. समीक्षेत वापरतात, स्मृतिकातरता पण वाचलंय. कातर म्हटलं की आपल्याला कातरवेळ आठवते, आवाज कातर होणं आठवतं, म्हणजे तुम्ही म्हणताय ते दुखणं त्यात आलं. आता शब्द जड आहे हे मान्य, बॅचच्या टिपणात तो घातला तर लोक पुढचं वाचणार नाहीत, पण अर्थाने स्मरणरंजनापेक्षा जवळचा आहे. संस्कृतात कातर म्हणजे भ्यालेला, धीर सुटलेला. मराठीत भीती मागे पडून हळवेपणा उरलाय, आणि इथे तेच हवंय.

*

मी नामापेक्षा क्रियापदाकडे बघेन. त्या काळाचं क्रियापद होतं 'भरणे'. कॅसेट भरून घ्यायची, भरून द्यायची, भरून आणायची. रेकॉर्ड करणे असं कोणी म्हणायचं नाही आमच्या गल्लीत, आणि कोऱ्या कॅसेटला ब्लँक वगैरे काही नाही, कोरी. पाटी कोरी, वही कोरी तशी कॅसेट कोरी.

काय असायचं, वहीच्या पानावर यादी लिहून दुकानात द्यायची, साठची असेल तर एका बाजूला तीस मिनिटं, म्हणजे पाच-पाच मिनिटांची सहा गाणी, आणि सहावं गाणं थोडं जरी लांब असलं तरी शेवटचं कडवं टेप संपल्यामुळे कापलं जायचं. तर ती यादी करताना मी तासन्‌तास घालवायचो, कुठलं गाणं कशानंतर यायला हवं, ए साइडचं शेवटचं कुठलं म्हणजे बाजू पलटताना मनात तेच राहील, आणि कोणाला द्यायची असेल तर मग विचारूच नका, बोलायचं धाडस नाही ते सगळं त्या क्रमात भरलेलं असायचं. भरून झाली की कॅसेटच्या वरच्या कडेचे ते दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे पेनाने मोडून टाकायचे, म्हणजे चुकून कोणी त्यावर दुसरं भरू नये. आणि घरात कोणाला भरायचंच असेल तर त्या खाचांवर सेलोटेप चिकटवायचा की झालं. माझ्या एका जीव लावून केलेल्या कॅसेटवर अशीच सेलोटेप लावून कोणाच्या तरी मुंजीतल्या मंगलाष्टका भरल्या गेल्या, अजून आहे ती कॅसेट, मंगलाष्टका संपल्या की मध्येच लकी अलीचं अर्धं गाणं सुरू होतं.

क्रमाबद्दल अजून एक. आजही ते गाणं कुठेही ऐकलं की संपताना पुढच्या गाण्याचं म्युझिक डोक्यात आधीच वाजतं, आणि प्रत्यक्षात भलतंच काहीतरी लागतं तेव्हा जे वाटतं त्याला काय म्हणायचं? मला तरी ऊर भरून येणं हेच सुचतं. इथेही भरणंच आहे बघा.

*

नागपूरकडून. आमच्याकडे सरळ 'याद येते' म्हणतात, शाळेची याद येते, मायची याद येते. पुण्याकडचे मित्र म्हणायचे की हे हिंदी आहे, अरे आमच्या आजीच्या बोलण्यात होतं ते, आणि तिला हिंदी शिनेमा माहीत नव्हता. आठवण येते आणि याद येते यात मला फरक वाटतो, आठवण कशाचीही येते, गॅस बंद करायचा राहिला त्याचीही, पण याद जे सुटून गेलं त्याचीच येते.

1999 ला केकेची 'पल' आली तेव्हा मी हॉस्टेलला होतो. निरोप समारंभात ती गाणी लागायची आणि मुलं एकमेकांच्या गळ्यात पडायची, तेव्हा आमच्यापैकी कोणाचंच काही सुटलं नव्हतं अजून, तरी रडायचो. यावर कोणी बोला, मला हे तेव्हापासून कळलेलं नाही. जे अजून गेलंच नाही त्याच्यासाठी काय म्हणतात?

*

वयाने तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठा आहे म्हणून थोडं मागचं सांगतो. तुम्ही अल्बम म्हणताय, आमच्या घरात अल्बम म्हणजे लग्नाच्या फोटोंचा. गाण्याची ती रेकॉर्ड, नाहीतर एलपी. तबकडी, ध्वनिमुद्रिका हे शब्द आकाशवाणीवर आणि छापील कव्हरवर, बोलण्यात कोणाच्याही नाहीत.

गंमत म्हणजे गाण्याचा अल्बम आला तो फोटोच्या अल्बमासारखाच दिसायचा म्हणून. लॅटिनमध्ये अल्बस म्हणजे पांढरा, अल्बम म्हणजे रोममध्ये जाहीर सूचना लिहायचा पांढरा फलक, मग कोऱ्या पानांची वही. 78 च्या स्पीडच्या जुन्या रेकॉर्डीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, तेव्हा एखादी मोठी रचना चार-सहा रेकॉर्डींवर पसरलेली असायची आणि त्या सगळ्या पुठ्ठ्याच्या बांधणीत पाकिटांमध्ये घालून विकायचे, हुबेहूब फोटोंची वही. 1948 मध्ये कोलंबिया कंपनीने एलपी बाजारात आणली, सगळं एकाच तबकडीवर मावायला लागलं, पण नाव अल्बमच राहिलं.

माझ्या विशीच्या आतबाहेर, 1974 साली, राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीला 'शिवकल्याण राजा' आलं. लताबाईंचा आवाज, हृदयनाथांचं संगीत. समर्थांपासून कुसुमाग्रजांपर्यंतची काव्यं एका सूत्रात, मध्ये बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. आम्ही त्याची पारायणं केली. हा शब्द तुमच्या टिपणात जरूर घाला ताई, पारायण. एकेक गाणं ऐकणं वेगळं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधलं काही न गाळता, पुन्हा पुन्हा ऐकणं वेगळं. पोथीला जो नियम तोच इथे.

*

काकांनी फार छान सांगितलं. अल्बमच्या वापराबद्दल एक जोडते: नव्वदच्या दशकात आम्हीसुद्धा 'लकी अलीची नवीन कॅसेट आली' असंच म्हणायचो. 1996 चं 'सुनो' काय, त्याच वर्षी हरिहरन आणि लेस्ली लुईसचं 'कलोनियल कझिन्स' काय, 1997 ला रहमानचं 'वंदे मातरम्' काय, बोलताना सगळी कॅसेटच. अल्बम हा शब्द टीव्हीवरच्या म्युझिक चॅनलवाल्यांच्या तोंडी असायचा आणि आमच्यातले जे जरा भाव खाणारे होते ते म्हणायचे. पिक्चरची ती कॅसेट आणि पिक्चरची नसलेली तो अल्बम, असा फरक पुढे रुळला, आणि अजूनही खूप जण 'प्रायव्हेट अल्बम' म्हणतात ते त्यामुळेच.

बाकी टेपने कॅसेट खाणे, रीळ बाहेर येणे, पेन्सिल घालून गुंडाळणे, गाणं पुढे पळवणे, ही सगळी क्रियापदं माझ्या मुलांना समजावून सांगावी लागतात. 'टेप लावू नको' एवढं मात्र त्यांना कळतं, ते शिल्लक राहिलं.

*

गोव्यात आमच्या घरात कोंकणी-मराठी दोन्ही. आठवणीला उगडास. पोर्तुगीजांकडून सौदाद माहीत झाला, त्यात ओढ आणि दुःख दोन्ही एकत्र आहे, पण तो आणून मराठीत बसवण्यापेक्षा आपलीच हुरहूर बरी की. मला वाटतं नागपूरवाल्या दादांच्या प्रश्नाचं उत्तरही त्याच शब्दात आहे.

*

हो, हुरहूर! दुपारपासून मी पण तिथेच घुटमळतेय.

बाकीचे शब्द सगळे मागे बघणारे आहेत, स्मरण, गत, स्मृती, जे झालं त्याचे. हुरहूर दोन्हीकडे चालते. मुलगी सासरी गेल्यावर आईला लागते, आणि निकालाच्या आदल्या रात्रीही लागते. सोळाव्या वर्षी दार लावून 'सुनो' ऐकताना माझ्याकडे आठवायला काय होतं? शाळा, घर, क्लास, बस. तरी ते गाणं संपलं की काहीतरी लागून राहायचं, कुठेतरी जायचंय, कोणीतरी भेटायचंय, तो टीव्हीवरचा इजिप्तचा वाळवंट आणि पिरॅमिड, आपलंही असं काहीतरी होणारे. ती पुढच्याची हुरहूर होती. आज तेच गाणं ऐकते तेव्हा लागते ती मागच्याची. म्हणून मला वाटतं की त्या कॅसेटींमुळे आपल्याला ते दिवस आठवतात असं म्हणणं अर्धंच आहे, खरं तर त्या दिवसांत आपल्याला जे वाटायचं तेच परत वाटतं, फक्त आता ते पाठीमागून येतं. निरोप समारंभात रडणाऱ्या मुलांचं पण तेच असणार, त्यांना पुढचं आधीच लागलेलं.

मानसशास्त्रवाले सांगतात की साधारण दहा ते तीस वयातल्या आठवणी माणसाला सगळ्यात जास्त राहतात, त्याला रेमिनिसन्स बम्प म्हणतात. खरंच असेल, पण त्याने माझ्या वाक्याचं काम होत नाही.

एक शंका आहे, हुरहूर वाटते की हुरहूर लागते? आणि तिला गोड हे विशेषण लावलं तर चालेल का?

*

लागते. वाटते हे हल्ली ऐकू येतं, चूक म्हणणार नाही, पण भूक लागते, ओढ लागते, चाहूल लागते, त्याच रांगेतली ही आहे. आपण काही करत नाही, ती येऊन लागते. गाणं कर्ता असेल तर 'लावून जातं': ते गाणं हुरहूर लावून जातं. रुखरुख आणि चुटपुट मात्र यात मिसळू नका. रुखरुख राहून गेलेल्या गोष्टीची, चुटपुट थोडक्यात हुकलेल्याची, दोन्हीत पश्चात्ताप आहे आणि कॅसेट ऐकण्यात कसला पश्चात्ताप. हळहळ तर बहुतेक दुसऱ्यासाठी.

'गोड हुरहूर' बऱ्याच जणांनी वापरून गुळगुळीत झालंय, माझं मत विचाराल तर विशेषण नकोच, पुढच्या-मागच्या वाक्यांतून गोडवा येऊ द्या. आणि टिपणात अल्बमऐवजी कॅसेटच लिहा, तुमच्या वर्गातली मुलं तेव्हा जे म्हणायची ते. स्मरणरंजन पूर्ण टाकू नका, रात्री जेवणं झाल्यावर सगळे मिळून जी गाणी म्हणतील त्या भागाला तो शब्द बरोबर आहे.