उन्हाळी अभ्यासवर्गात मुलांचे गट वयावर पाडावेत की तयारीवर?

निळी शाई

मे महिना जवळ आला की दादर-परळपासून मुलुंड-बोरिवलीपर्यंत गणित-विज्ञानाच्या शिबिरांचे फलक लागतात. फलकावर पहिली ओळ वयाची असते: ८ ते ११, १२ ते १४, १५ ते १७. अर्जात जन्मतारीख विचारतात, मुलाला काय येतं ते कोणी विचारत नाही. आत गेल्यावर शिकवण्याची पद्धतही त्या आकड्यावरूनच ठरलेली. लहानांना कात्री-कागद आणि गोष्टी, मधल्यांना दोन-चार प्रयोग, मोठ्यांना अंधाऱ्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर व्याख्यान.

मी बरीच वर्षं अशा शिबिरांत शिकवते आहे आणि माझं मत ठाम आहे: ही वाटणी आयोजकांच्या सोयीची आहे. शाळेला इयत्ता लागतात, कारण तिथे वर्षभराचा अभ्यासक्रम आणि परीक्षा असते. सुट्टीतल्या शिबिरावर ही सक्ती नाही. मग तिथेही मुलांना वयाच्या खणात का कोंबायचं?

एक उदाहरण देते. मुंबईत वर्षातून दोनदा सूर्य बरोबर माथ्यावर येतो, एकदा मेच्या मध्याला आणि एकदा जुलैच्या शेवटी. जुलैत ढगांमुळे काही दिसत नाही, पण मेमध्ये शिबिरं चालूच असतात. १५-१६ मेच्या सुमारास दुपारी १२.३५ वाजता उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी गोळा होते. ठीक बारा वाजता हे का होत नाही, इथेच मुलांचा पहिला प्रश्न येतो. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखावृत्ताचं, मुंबई ७३ अंशांच्या जवळ, म्हणून सूर्य आपल्याकडे उशिरा माथ्यावर येतो.

या प्रयोगासाठी गच्चीवर गट पाडायच्या आधी मी दोनच गोष्टी विचारते: कोन मोजता येतो का, आणि गुणोत्तराचं गणित सुचतं का. ज्यांना दोन्ही नवीन, ते दर अर्ध्या तासाने खडूने सावलीचं टोक फरशीवर आखतात आणि ती कुठे सरकते ते पाहतात. ज्यांना कोन येतो, ते सावलीच्या लांबीचा आलेख काढतात. ज्यांना दोन्ही येतं, त्यांच्यासाठी खरी मजा पुढे आहे. मे महिन्यात निम्म्या वर्गाची भावंडं कोकणात असतात. रत्नागिरी मुंबईच्या साधारण २ अंश दक्षिणेला आहे. त्याच दुपारी तिथे सूर्य माथ्यावर आला की १ मीटर काठीची सावली जेमतेम साडेतीन-पावणेचार सेंटिमीटर असते, आणि ती दक्षिणेला पडते! ती फोनवर विचारून घ्यायची, तिच्यावरून कोन काढायचा, उत्तर-दक्षिण अंतर सुमारे २३० किलोमीटर धरायचं आणि पृथ्वीचा घेर मांडायचा. नीट मोजलं तर उत्तर ४० हजार किलोमीटरच्या आसपास येतं. सावली मोजताना अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली तर घेर पाच-सहा हजार किलोमीटरने हलतो. मोजमापातली त्रुटी म्हणजे काय, हे मुलांना तिथे जसं कळतं तसं कुठल्याही व्याख्यानातून कळत नाही.

या तिसऱ्या गटात सहावीतली मुलगी असते आणि पहिल्या गटात नववीतला मुलगाही असतो. दोघंही शिकतात. वयावर वाटणी केली असती तर एक कंटाळली असती आणि दुसऱ्याने शेजाऱ्याच्या वहीतलं उतरवलं असतं. तुमचं काय म्हणणं?

फळा-खडू

ताई, प्रयोग सुरेख आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. माझा जन्म शाळेत गेला, त्या अनुभवावरून बोलतो.

मूल म्हणजे नुसती त्याला येणारी गणितं नव्हेत. नऊ वर्षांचं पोर कितीही हुशार असलं तरी त्याला तासाभरात भूक लागते, लिहिताना हात दुखतो, समोरचा मोठा मुलगा फळ्याआड आला तर ते गप्प बसतं. तुमच्या तिसऱ्या गटातली सहावीतली मुलगी दहावीतल्या मुलांसमोर शंका विचारते का? डबा कोणासोबत खाते? आणि नववीतल्या ज्या मुलाला तुम्ही खडू देऊन पाचवीतल्यांबरोबर बसवलंत, त्याच्या मनाचं काय? तेरा-चौदा हे वय असं आहे की एवढ्याशा गोष्टीने मूल विषयावरच फुली मारतं. त्याला पुढे गुणोत्तर येईलही, पण गणित आपल्यासाठी नाही हे त्याने त्या गच्चीवरच ठरवून टाकलेलं असेल.

मानसशास्त्रज्ञ पियाजेने ११-१२ वर्षांनंतर मूल अमूर्त विचार करू लागतं असं मांडलं. पुढच्या संशोधकांनी त्या पायऱ्या त्याने सांगितल्या तितक्या काटेकोर नसतात हे दाखवलं, तरी शिक्षकाला रोज दिसणारं सत्य त्यात आहेच. दहा वर्षांच्या मुलाला तुम्ही सूत्र पाठ करायला लावाल आणि ते तुम्हाला अचूक उत्तरही देईल. त्याला ते समजलं आहे असं त्यावरून धरू नका.

मुलुंड पूर्व

निळी शाई यांना पाठिंबा. ऑलिंपियाडकडे बघा. कनिष्ठ विज्ञान ऑलिंपियाडला १५ वर्षांची मर्यादा आहे, पण गणिताच्या पात्रता परीक्षेला आठवीतलं मूल बारावीतल्याच्या बाजूला बसतं आणि पुढे गेलं तर प्रशिक्षणातही एकत्रच शिकतं. तिथे त्याचं वय कोणी काढत नाही.

फळा-खडू

तिथे देशभरातून गाळून आलेली मूठभर मुलं असतात. आपण बोलतोय ते सुट्टीत आईबाबांनी नाव घातलेल्या साध्या मुलांबद्दल. त्या मुलांवरून या मुलांचा नियम काढता येणार नाही.

त्रिज्या

दोन्ही बाजू थोड्या-थोड्या बरोबर आहेत, आणि यावर संशोधनही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्वेलर, कल्युगा वगैरे मंडळींनी बऱ्याच प्रयोगांतून दाखवलं की नवख्याला सोडवलेली उदाहरणं पायरी-पायरीने दाखवली तर तो लवकर शिकतो. तीच उदाहरणं तयार विद्यार्थ्याला दिली तर त्याला ती अडचणच होतात, त्याला थेट प्रश्न दिलेला बरा. म्हणजे पद्धत बदलायला हवी ती तयारीप्रमाणे. अकरावीतला मुलगा संभाव्यतेत पूर्ण नवखा असेल तर त्या विषयापुरता तो पाचवीतल्याइतकाच नवखा, त्यालाही हात धरून न्यावं लागतं. २००६ साली कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी 'मुलांना आपलं आपण शोधू द्या' या पद्धतीवर जी कडक टीका केली, ती नवख्यांबद्दलच होती. इथपर्यंत निळी शाई जिंकतात.

पण दुसरी बाजूही ऐका. मनू कापूर यांनी २००८ पासून मांडलं की आधी मुलांना न सुटणाऱ्या प्रश्नाशी झटू द्यावं, चुकू द्यावं, मग शिकवावं. त्याने समज पक्की होते. माध्यमिक आणि महाविद्यालयीन मुलांत याचे चांगले परिणाम दिसले. २०२१ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, तेव्हा दुसरी ते पाचवीच्या मुलांत मात्र हा फायदा दिसला नाही. लहान मुलाजवळ झटायला लागणारं सामान, म्हणजे आधीची माहितीच कमी असते, आणि अडकल्यावर स्वतःला सावरून दुसरी वाट धरणं हे वयाबरोबर येतं. तेव्हा वय अगदीच बिनमहत्त्वाचं आहे, असं म्हणता येत नाही.

माझं उत्तर असं: काय शिकवायचं ते तयारीवरून ठरवा. किती वेळ अडकू द्यायचं ते वयावरून ठरवा.

दोन मुलांचा बाबा

संशोधन बाजूला ठेवून एका घराची गोष्ट सांगतो. थोरला आठवीत, धाकटा सहावीत. एका शिबिरात चाचणी घेऊन गट पाडले. धाकटा पुढच्या गटात गेला, थोरला मागच्या. धाकट्याची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची तयारी वर्षभर चालली होती, त्यामुळे त्याला बरंच येत होतं. ती स्पर्धा सहावी आणि नववीसाठी असते, थोरल्याची सहावी कधीच मागे पडलेली. दुसऱ्या दिवसापासून थोरला लोकलमध्ये धाकट्यापासून लांब उभा राहायला लागला. चौथ्या दिवशी म्हणाला, मला नाही जायचं. आम्हीही सक्ती केली नाही.

आयोजकांनी त्याला काय येत नाही ते अचूक ओळखलं होतं, यात वाद नाही. पण ते त्याला ज्या रीतीने कळलं, त्याने आमच्या घरातलं वातावरण महिनाभर बिघडलं. चाचणीवर गट पाडायचे असतील तर एकाच घरातली, एकाच इमारतीतली मुलं तिथे येतात याचा विचार कोण करणार?

वाडीवरचा मास्तर

मी मूळचा डहाणूकडचा, आता कुर्ल्यात मनपा शाळेत आहे. आधी वाडीवरच्या शाळेत होतो, जिथे एका खोलीत पहिली ते चौथी बसते. वय वेगळं, तयारी वेगळी, आणि मास्तर एकच. तिथे गट वयावर की तयारीवर हा प्रश्नच उरत नाही, कारण दिवसातून तीनदा गट मोडून पुन्हा जुळवावे लागतात. वाचनाला एक जोडी, बेरजेला दुसरी, गाण्याला सगळे. कोण वरचा, कोण खालचा हे मुलांच्या डोक्यात घट्ट व्हायला सवडच मिळत नाही.

आमच्याच भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा चालवली. गुरं राखायला गेलेली मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा कुरणात न्यायची. गुरं राखणारी मुलं काही एका वयाची नसतात. तिथे पानं, बिया, दगड हेच सामान. लहानगा त्या बिया मोजतो, मोठा त्यांचे दहा-दहाचे ढीग करतो. सामान एक, काम वेगळं. निळी शाई यांची गच्ची मला त्याच जातीची वाटते. म्हणून मला वाटतं, गट पाडायचेच असतील तर आठवड्यासाठी पाडू नका, तासासाठी पाडा.

एक अडचण मात्र सांगतो. हे करायला मुलं ओळखणारा शिक्षक लागतो. शिबिरात साठ मुलं, दोन कॉलेजकुमार मदतीला आणि हॉलचा पंखा बंद, अशी स्थिती असेल तर वयाचे गट पाडणाऱ्या आयोजकाला मी दोष देणार नाही.

निळी शाई

सगळ्यांचं वाचलं. बाबांचा अनुभव मला सगळ्यात जड वाटला. चाचणी घेऊन, यादी लावून, आठवडाभरासाठी पक्के गट करणं याच्या मी पूर्ण विरोधात आहे. माझ्या गच्चीवर यादी नसते. तिन्ही कामं आधी सगळ्यांना सांगितली जातात, आणि आलेख पुरा झाला की तिथून उठून पुढच्या कामाला जायला कोणाची परवानगी लागत नाही. नववीतला मुलगा खडू घेऊन बसतो तो सावलीची नोंद ठेवायला, आणि त्या नोंदीशिवाय आलेखवाल्यांचं पान हलत नाही. फळा-खडू सर, तुम्ही त्याच्या मनाचं विचारलंत. त्याचं काम इतरांना लागतं हे त्याला दिसतं, म्हणून तो टिकतो. सहावीतली मुलगी सुरुवातीला बोलत नाही, हे तुमचं बरोबर आहे. तिला मी त्या गटात एकटी ठेवत नाही. तिच्या वयाचं आणखी एक मूल त्या कामाला मिळालं नाही तर मी काम सोपं करून आणखी एकाला तिथे आणते.

साठ मुलं आणि दोन मदतनीस ही अडचण खरी आहे. त्यावर जुना उपाय आहे. अमेरिकेत आर्नोल्ड रॉस यांनी १९५७ मध्ये शालेय मुलांसाठी गणिताचा उन्हाळी कार्यक्रम सुरू केला. तिथे आधीच्या वर्षांतली मुलंच परत येऊन नव्यांचे मार्गदर्शक होतात, रोजची गणितं तपासतात. आपल्याकडे शिबिर संपलं की ती मुलं कायमची विसरली जातात. दहावी-अकरावीतल्या जुन्या मुलांना बोलावलं, प्रवासखर्च आणि जेवण दिलं, तर साठ मुलांसाठी दहा मदतनीस उभे राहतात. आयोजक फलकांवर आणि पिशव्यांवर जेवढं खर्च करतात, त्यात हे सहज बसेल.

त्रिज्या

जुनी मुलं बोलवाच, पण त्यांना आधी दोन दिवस 'उत्तर सांगायचं नाही' याचा सराव द्या. सोळा वर्षांच्या मुलाला प्रश्न दिसला की तोच सोडवून मोकळा होतो.

दोन मुलांचा बाबा

निळी शाई ताई, नोंद ठेवण्याचं काम खरंच महत्त्वाचं असेल तर माझा थोरला येईल. पण तो विचारेल की धाकट्याला नोंदीचं काम का नाही.

निळी शाई

विचारू दे. दुसऱ्या दिवशी धाकट्याला नोंदीला बसवते. सावलीचं टोक धूसर असतं, ते नेमकं कुठे संपतं हे ठरवणं स्पर्धेची पुस्तकं पाठ केलेल्या मुलांनाही कठीण जातं.

फळा-खडू

तासापुरते गट, यादी नाही, सोबतीला एक समवयस्क. एवढं असेल तर दहा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी माझा विरोध मी मागे घेतो. आठ-नऊच्या मुलांचा वर्ग मात्र वेगळा हवा, वेगळी वेळ आणि वेगळा शिक्षक, यावर मी ठाम आहे. मेच्या उन्हात साडेबारा वाजता त्यांना गच्चीवर उभंही करू नये.

निळी शाई

उन्हाचं मान्य. त्यांचं खडूकाम मी सकाळी आठ ते दहामध्ये उरकते, तेव्हा सावल्याही लांब असतात आणि भराभर आखडताना दिसतात. वेगळ्या वर्गाचं मात्र मान्य नाही. साडेबाराला ती मुलं जिन्यातल्या सावलीत बसून मोठ्यांचे आकडे वहीत उतरवून घेतात, आणि रत्नागिरीचा फोन लागला की सगळ्यात आधी तीच ओरडतात.