मदत हवी आहे : एफ-१५० ला ६,८०० पौंडांचा ट्रॅव्हल ट्रेलर जोडण्यासाठी कोणता हिच (ट्रकमागे ट्रेलर अडकवण्याचा जोड) घ्यावा?

नमस्कार. आम्ही टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. आमच्याकडे फोर्ड एफ-१५० पिकअप ट्रक आहे आणि उन्हाळ्यात मुलांना घेऊन कोलोरॅडोला जाण्यासाठी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर, घेण्याचा विचार चालू आहे. पसंत पडलेल्या ट्रेलरचे रिकामे वजन ५,४०० पौंड असून पाणी, गॅसच्या टाक्या आणि सामानासह त्याची कमाल मर्यादा ६,८०० पौंड आहे.

विक्रेत्याच्या मते ट्रकची ओढण्याची क्षमता ११,००० पौंडांहून अधिक असल्यामुळे साधा बॉल माउंट (बॉल बसवण्याची दांडी) आणि २ ५/१६ इंची बॉल (ज्यावर ट्रेलरचे टोक बसते तो गोळा) पुरेसा आहे. परंतु ट्रकच्या रिसीव्हरवरील (मागे हिच बसवण्याच्या चौकोनी नळीवरील) लेबलवर दोन निरनिराळ्या मर्यादा छापलेल्या आहेत. वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे हा भार इतर आसांवर वाटणारा हिच, नसेल, तर ट्रेलर ५,००० पौंडांपर्यंत आणि टंग वेट, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा हिचवर पडणारा भार, ५०० पौंडांपर्यंतच चालतो. तो हिच लावल्यास दोन्ही आकडे दुपटीहून अधिक होतात. टंग वेट ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवावे, कारण ते कमी पडल्यास ट्रेलर वेगात डोलू लागतो, असे सर्वत्र सांगितले जाते. ६,८०० पौंडांचे साडेबारा टक्के म्हणजे ८५० पौंड. तेव्हा साधा बॉल माउंट बादच झाला.

मात्र खरा पेच पुढे आहे. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरनुसार प्रवासी आणि सामान मिळून १,५२० पौंडांची मर्यादा आहे. आम्हा चौघांचे ५८०, ट्रकमधील सामानाचे १५०, हिचचे अंदाजे १०० आणि टंग वेटचे ८५० धरल्यास बेरीज १,६८० होते. वेट डिस्ट्रिब्युशन हिचमुळे हा हिशेब बदलतो का? अमारिलोच्या परिसरातील आडवा वारा आणि रॅटन पास या डोंगरी खिंडीचा उतार लक्षात घेता डोलणे रोखणारी यंत्रणा त्याच हिचमध्ये असलेली बरी, की स्वतंत्र घ्यावी? एका मित्राने फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रकच्या हौद्यातच जोडला जाणारा ट्रेलर, हाही पर्याय सुचवला आहे.

प्रतिसाद :

आपले गणित बरोबर आहे. वेट डिस्ट्रिब्युशन हिच मागच्या आसावरचा काही भार पुढच्या आसाकडे आणि काही ट्रेलरच्या आसांकडे वळवतो, त्यामुळे ट्रकवरचा एकूण बोजा थोडा घटतो. परंतु स्टिकरवरील मर्यादा वाढत नाही, आणि १६० पौंडांची तूट भरून निघेल असे गृहीत धरू नये. फिफ्थ व्हीलचा विचार सोडावा, कारण त्यात वजनाच्या १५ ते २५ टक्के भार थेट ट्रकच्या हौद्यात येतो. शिवाय आपला हौदा साडेपाच फुटी असल्यास वळणावर ट्रेलर केबिनला घासण्याची भीती असते.

डोलणे रोखणारी यंत्रणा अंगभूत असलेला हिच घ्यावा, आणि त्याचे स्प्रिंग बार (भार वळवणाऱ्या लवचीक दांड्या) ८५० पौंडांच्या टंग वेटला पुरतील असे निवडावेत. बॉलचा आकार मात्र ट्रेलरच्या कपलरवर (बॉलवर बसणाऱ्या पुढच्या टोकावर) कोरलेला असतो. तो पाहूनच घ्यावा, कारण लहान बॉल खड्ड्यात उसळून निसटू शकतो. ट्रेलरचे ब्रेक चालवणारा कंट्रोलर ट्रकमध्ये आहे ना, हेही पाहावे, नाहीतर रॅटनच्या उतारावर सगळा ताण ट्रकच्या ब्रेकवर येईल.

पैसे भरण्यापूर्वी कुटुंब आणि सामानासह, पण ट्रेलर न जोडता, ट्रक एखाद्या ट्रक स्टॉपच्या काट्यावर तोलून घ्यावा. ट्रकच्या कमाल एकूण वजनाच्या मर्यादेतून (जीव्हीडब्ल्यूआर) ते वजन वजा करून उरलेले पौंड हाती आले, की त्यात बसेल असा ट्रेलर शोधावा. माझ्या मते तो ६,००० पौंडांच्या आतलाच असेल.