सातव्या दिवशी बाळाचं वजन घटलंय, न्यायचं की थांबायचं?

धारणी_ताई: जन्माचं वजन 1950 ग्रॅम, आज झोळीच्या काट्यावर 1850. आजी म्हणते दूध पुरत नाही, घुटी अन् शेळीचं दूध सुरू करा. नाल्याला पूर आला की रस्ता बंद. काय करावं?

जुनी_सिस्टर: 100 ग्रॅम म्हणजे पाच टक्के. पहिल्या आठवड्यात दहा टक्क्यांपर्यंत उतरतं. चौदाव्या दिवसाच्या आसपास जन्माच्या वजनावर आलं पाहिजे, मग रोज 20–30 ग्रॅम. पण आधी काटा पाहा. रिकामी झोळी लटकवून सुई शून्यावर आणली होती का? एक रेघ 50 ग्रॅमची असेल तर रोज वजन करून नुसता जीव घाबरा होतो. आठवड्यातून एकदा, तीच कोरडी झोळी, बाळ उघडं.

घुटी, मध, पाणी काही नको. एवढंसं लेकरू ओढता ओढता थकून झोपतं, म्हणून दूध कमी वाटतं. अंगावर पाजून झालं की उरलेलं हाताने काढा. बोंड ओढायचं नाही, काळ्या भागाच्या कडेवर अंगठा अन् बोट ठेवून आधी छातीकडे दाबायचं, मग पिळायचं. वाटी-चमच्याने दर दोन तासांनी, रात्रीही. बाटली नको. दिवसरात्रीत सहा वेळा लघवी झाली तर दूध पुरतंय, आजींना हेच दाखवा.

गडचिरोलीकर: दुधाइतकीच ऊब पाहा जी. पोट गरम अन् तळपाय गार, म्हणजे बाळ थंडावतंय. टोपडं अन् लंगोट ठेवून आईच्या उघड्या छातीवर उभं बांधा, मान एका बाजूला, नाक मोकळं. आई थकली तर बापाने घ्यावं. बाजेखाली शेगडी नको, धूर छातीत जातो.

श्वास बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा. 60 किंवा जास्त आले तर परत मोजा. आमच्याकडे ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत बायांना हेच शिकवलं होतं, अन् नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय मासिकात छापून आलंय.

जुनी_सिस्टर: दोन्ही वेळा श्वास 60 किंवा जास्त, छातीखाली खळगा, दूध ओढणं बंद, अंग ढिलं, झटके, ताप, तळवे पिवळे, किंवा तासभर छातीवर ठेवूनही गारच: यातलं एकही दिसलं तर लगेच 102 किंवा 108. वाटेतही छातीलाच बांधून.

धारणी_ताई: रिकाम्या झोळीला सुई शून्याच्या एक रेघ मागे आहे. म्हणजे 1900. लघव्या मोजायला आजीलाच बसवलंय.