मदत हवी आहे: >> ने घात केलाय, चार वाजता कोड द्यायचाय

सात_बावन्नची_स्लो
काल संध्याकाळपर्यंत छान चालत होतं, आज सकाळी एरर. काहीही बदललेलं नाही. ओळ ही (नावं इथे मराठीत लिहितेय):

लेट नीटयादी = वेगळे >> उलट

‘वेगळे’ दुबार नोंदी काढतं, ‘उलट’ यादी उलटी करतं, >> ने ही दोन फंक्शन एकापाठोपाठ जोडलीत. यात चुकायला काय आहे? त्यात आमचे लीड रिव्ह्यूमध्ये म्हणतात, ‘हे बाण वाचता येत नाहीत, काढा.’ मला बाण ठेवायचेत. पटकन सांगा कोणीतरी, डोकं फिरलंय.

टिंबटिंब
>> जोडणी करतच नाही. पहिलं काम करतं, त्याचं उत्तर सोडून देतं आणि दुसरं करतं. जोडणीला साधं टिंब असतं, तेही उलट्या क्रमाने: उलट . वेगळे. आधी चालणारं उजवीकडे. अकरावी-बारावीच्या गणितात हेच शिकवतात, पण लक्ष कोणाचं असतं!

कुर्ला_पूल
टिंबराव, हे हॅस्केलचं झालं. ग्रूव्हीत >> जोडणीच करतं, सी प्लस प्लसमध्ये त्याने बिट सरकतात. धागाकर्तीने भाषा सांगितलेलीच नाही. भाषा कुठली? एररचा मजकूर काय?

सात_बावन्नची_स्लो
एफ शार्प, अजून काय! मजकूर लांबलचक आहे, ‘व्हॅल्यू रिस्ट्रिक्शन’ असं काहीतरी.

अर्धविराम
जावास्क्रिप्टमध्ये रिड्यूस वापरून स्वतःचं कंपोज (फंक्शन जोडणारं फंक्शन) तीन ओळींत लिहिता येतं. पाइपचं चिन्ह |> भाषेतच आणायचा प्रस्ताव २०२१ मध्ये दुसऱ्या टप्प्यावर गेला, तेव्हापासून आम्ही वाट बघतोय.

पेन्शनर_फोरट्रान
सरळ फॉर लूप लिहा. माझ्या लूपवर तीस वर्षांत कोणी ‘वाचता येत नाही’ म्हटलं नाही.

कुर्ला_पूल
काका, वाचलाच नसेल कोणी 😀
ताई, ‘काहीही बदललं नाही’ हे पटत नाही. ही ओळ दुसऱ्या फाइलमध्ये नेलीत का?

सात_बावन्नची_स्लो
हो, हेल्पर्सच्या फाइलमध्ये. पण ओळ तीच आहे ना!

कुर्ला_पूल
तिथेच गोम आहे. >> ने जोडून जे मिळतं ते कंपायलरच्या लेखी एक किंमत असते, कारण डावीकडे आर्ग्युमेंटच (फंक्शनला द्यायची गोष्ट) दिसत नाही. अशा किमतीला तो ‘कुठल्याही प्रकारची यादी चालेल’ अशी मोकळीक देत नाही. जुन्या फाइलमध्ये खाली तुम्ही ती स्ट्रिंगच्या (मजकुराच्या) यादीवर वापरली असणार, म्हणून त्याने गुपचूप ‘स्ट्रिंग’ ठरवून टाकलं. नव्या फाइलमध्ये वापर नाही, मग ठरवणार कशावरून? आर्ग्युमेंट उघड लिहा आणि |> वापरा, ते डावीकडची किंमत उजवीकडच्या फंक्शनला देतं:

लेट नीटयादी यादी = यादी |> वेगळे |> उलट

किंवा कायम स्ट्रिंगच येणार असतील, तर तसा टाइप (प्रकार) लिहा आणि >> ठेवा.

टिंबटिंब
एका ओळीत तीनदा यादी-यादी, आणि याला म्हणायचं वाचनीय? हॅस्केलमध्ये असली रड नाही.

कुर्ला_पूल
आहे. ‘वेगळे’ला दोन नोंदी समान आहेत का ते तपासावं लागतं, त्यामुळे वर टाइप न लिहिता हीच ओळ द्याल तर तिथेही मोनोमॉर्फिझम रिस्ट्रिक्शन (एकच टाइप ठरवायची सक्ती) आडवं येतं. तुम्ही सवयीने टाइप लिहिता म्हणून ते कधी भेटलं नसेल.

टिंबटिंब
टाइप लिहितातच. ती सवय नाही, शिस्त आहे.

अर्धविराम
अवांतर: सीप्झमध्ये फंक्शनल वाल्यांना कोण घेतंय सध्या? जोगेश्वरीला राहतो, चालत येईन.

कुर्ला_पूल
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ताई, लीडचंही अगदीच चूक नाही. रात्री दोनला सपोर्टचा फोन आला की मधली यादी कशी दिसतेय ते बघावं लागतं. एफ शार्प ६ पासून |> च्या मधल्या टप्प्यावर ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम तिथे थांबवून बघायची खूण) लावता येतो, >> ला ती सोय नाही. मी >> फक्त मॅपच्या (यादीतल्या प्रत्येक नोंदीवर फंक्शन चालवणाऱ्या) आत, दोन छोट्या फंक्शनपुरतं ठेवतो. तिसरं आलं की नाव देऊन वेगळं काढतो.

सात_बावन्नची_स्लो
एरर गेली! खूप आभार. लीडनी |> बघून विचारलं, ‘हाही बाणच ना?’ मी म्हटलं, हा वाचता येतो. मॅपच्या आतला एक >> त्यांच्या नजरेतून सुटला, मीही काही बोलले नाही.