मदत हवी आहे: आजोबांच्या सातबाऱ्यावर आईचं नावच नाही
आजोबा 2003 मध्ये गेले. वारस नोंदीत फक्त दोन्ही मामांची नावं लागली, हे आम्हाला परवा ऑनलाइन उतारा काढल्यावर कळलं. आईने हक्कसोडपत्र कधीच दिलेलं नाही, जमिनीची वाटणीही झालेली नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत जन्मापासून मुलाइतकाच हक्क आहे आणि त्यासाठी वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलंय. पण फेरफाराविरुद्ध (म्हणजे त्या वारस नोंदीविरुद्ध) प्रांताधिकाऱ्यांकडे अपिलाची मुदत 60 दिवसांची. विलंब माफीचा अर्ज करावा की थेट वाटपाचा दावा? आईला भावांशी भांडायचं नाही. लग्नापर्यंत त्याच शेतात तिने खुरपणी केली, तिथे तिचं नाव हवंच. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.